भरल्या गाडीचं माप

आमच्या घरात बायकांच्या आवाजावर मात करील असा एकच आवाज होता, तो हिराआत्याच्या जीपचा. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तेव्हा माहेरी परत आली ती कायमची, आणि आल्या दिवसापासून घर तिचंच झालं. वडील समुद्रावर, आई चुलीपाशी आणि आत्या बाजारात, अशी आमच्याकडे कामाची वाटणी होती. अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. ओहोटीला होड्या दूर वाळूत लागायच्या, आणि तिथून डांबरी रस्त्यापर्यंत जाळ्यातलं म्हावरं आणायचं म्हणजे डोक्यावर भरली पाटी घेऊन अर्धा तास वाळू तुडवायची. आत्यानं ते कितीतरी वर्षं केलं. मग लष्कराच्या लिलावातून निघालेली, चारी चाकांना जोर असलेली एक जुनी जीप तिनं घेतली. वाड्यातल्या पुरुषांनी तोंडात बोटं घातली. आत्या म्हणाली, "तुमच्या होरीला इंजिन चालते, मग माझ्या पाटीला का नको?" होड्यांना इंजिनं नुकतीच बसू लागली होती आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तेव्हा इंजिनच होतं.

जीपचा मागचा भाग कापून दोन बाजूंना दोन फळ्या ठोकलेल्या होत्या. त्यावर समोरासमोर अकरा बायका आणि मध्ये पाट्यांची रास. बर्फाचं पाणी तळातून सतत गळत असायचं, त्यामुळे जीप कुठून गेली हे मांजरांना सांगावं लागत नसे. वाळू संपते तिथे एक ओहळ खाडीत उतरायचा. त्याच्या दोन्ही कडा उंच. जीप त्यात उतरून पलीकडे चढायची तेव्हा सगळ्या बायका एकमेकींचे खांदे धरून देवीचं नाव घ्यायच्या, आणि नाव पुरं व्हायच्या आत फळीवरून वीतभर उडून परत आदळायच्या. मग शिव्या. शिव्यांची सुरुवात जीपपासून व्हायची आणि शेवट चालवणाऱ्या धर्मादादापाशी व्हायचा. घरी आल्यावर आत्या पालथी पडायची, आई गरम मिठाच्या पुरचुंडीनं तिची कंबर शेकायची आणि चुलीवर बोंबलाचं कालवण रटरटत असायचं. "ही गारी हाय का घोरी?" आत्या उशीत तोंड घालून म्हणायची. "सगल्यांच्या कमरा मोरल्या."

मी तेव्हा अकरावीत होते. वाड्यातली इंग्रजी वाचणारी पहिली मुलगी. याचा मला किती गर्व होता ते आज सांगताना कान गरम होतात. शाळा अंधेरीत, वर्गात बहुतेक नोकरदारांच्या मुली. एकदा माझ्या बाकावरची मुलगी रुमाल नाकाला लावून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. त्या दिवसापासून मी गणवेश वेगळा धुवायला लागले, लिंबू पिळून. तो वरच्या पेटीत कापराच्या वड्या घालून ठेवायचा आणि घराबाहेर पडताना शेवटी अंगात घालायचा. आत्याचा धंदा काय, असं कोणी विचारलं तर मी "ट्रान्सपोर्ट" म्हणायचे. ज्या धंद्याच्या जोरावर माझ्या पायात बूट आले, त्याचं नाव घ्यायची मला लाज वाटत होती. आता त्या लाजेची लाज वाटते, पण तिचा उपयोग कोणाला?

आत्याची जीप आणि वाड्यातल्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला गोविंदमिस्त्री होते. मालवणकडचे. आधी गिरणीत साचे, म्हणजे माग, दुरुस्त करायचे, ते सोडून त्यांनी अंधेरीच्या बाजारामागे पत्र्याची शेड टाकली होती. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात कायम एक पोलादी पट्टी. बोलायला लागले की हात पुसायला विसरायचे आणि काळे हात घेऊनच चहाची बशी तोंडाला लावायचे. आमच्या वाड्याचं काम म्हणजे त्यांचा संसार. इंजिन बंद पडलं की भर दुपारी वाळूतून चालत यायचे, आणि काम झालं तरी होडी पाण्यात जाऊन नीट टकटकते आहे हे ऐकल्याशिवाय निघायचे नाहीत. मला त्यांनी वेल्डिंग कसं ओळखायचं ते दाखवलं होतं. टाका कच्चा असला तर जोड स्वच्छ सुटतो. टाका पक्का असला तर शेजारचं लोखंड फाटतं, टाका जागचा हलत नाही. मी शिकते म्हणून त्यांना कौतुक फार. शेडमध्ये गेले की माझ्यासाठी फडक्यानं स्टूल पुसायचे.

त्या वर्षी आत्यानं ठरवलं की जीपचे शॉकअप बदलायचे. चाकाच्या धक्क्याला आवर घालणारी तेलाची नळी असते, तिला सगळे शॉकअपच म्हणायचे. जुने आखूड होते. ओहळात चाक खाली लोंबलं की ते ताणून संपायचे आणि खाडकन आवाज व्हायचा. लांब उघडणारे घातले तर चाक हवं तेवढं खाली जाईल आणि बायका उडणार नाहीत. शहरातल्या एका पार्टच्या दुकानातून मिस्त्रींनी इंग्रजी कॅटलॉग आणला. प्रत्येक नंबरापुढे दोन लांब्या होत्या, एक पूर्ण उघडल्यावरची आणि एक पूर्ण मिटल्यावरची. आत्यानं तो हातात घेतला, उलटा धरला, आणि माझ्याकडे देत म्हणाली, "जयू वाचल. शिकलेली पोर हाय आमची. ती सांगल तोच बसवा, मिस्तरी."

मिस्त्रींनी मला शेडमध्ये बसवून समजावलं. लांब शॉकअपची गोम अशी की उघडल्यावर लांब असतो तसा मिटल्यावरही जरा लांबच राहतो. गाडी भरली की खाली बसते, शॉकअप ज्यांत अडकवतात त्या वरच्या आणि खालच्या खुंटीतलं अंतर कमी होतं. ते अंतर मिटलेल्या शॉकअपपेक्षा चांगलं चार बोटं जास्त हवं. नाहीतर खड्ड्यात तो पुरा मिटेल, लोखंडाला लोखंड लागेल आणि सगळा मार खुंटीवर जाईल. मग त्यांनी बांबूची एक सरळ काठी तासून माझ्या हातात दिली.

"ह्या बघ गो चेडवा. गाडी पुरी भरली काय खाली शीर, दोन खुंट्यांच्या मधी ही उभी धर आणि पेन्सिलीन खूण कर. पाट्या व्हयेत, बायका बसलेल्यो व्हयेत, धर्मो सीटवर व्हयो. त्याचा पण वजन धरूक व्हया."

"तुम्हीच का नाही येत?" मी विचारलं.

"भरलेली गाडी माझ्यासाठी थांबतली? म्हावऱ्याक दम खंय?" ते हसले. "आणि तुका काय कठीण असा त्याच्यात? एक लक्षात ठेव. रिकामी गाडी खोटां बोलता."

आमच्याकडे खरंच भरली जीप कोणासाठी थांबत नसे. म्हावरं जीपमध्ये पडलं की बाजार गाठायचा, वाटेत नवरदेवाची वरात लागली तरी. पण मी घरचीच. आत्यानं सांगितलं असतं तर दोन मिनिटं थांबली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघताना काठी घेऊन वाळूत गेले. ओहोटी होती, जीप भरत होती. आईनं डबा दिला होता, सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी, तो दप्तरात कापडाच्या तीन घड्यांत गुंडाळलेला. जीपच्या तळातून पाणी गळत होतं. लालसर, खवल्यांचं, कोलंबीच्या डोक्यांचा वास असलेलं पाणी. खाली शिरायचं म्हणजे त्या चिखलात पाठ टेकायची. माझ्या अंगात लिंबानं धुतलेला गणवेश होता आणि पहिल्या तासाला त्याच रुमालवाल्या मुलीच्या शेजारच्या बाकावर बसायचं होतं. आत्या फळीवरून ओरडली, "घे गो लवकर माप." मी जीपच्या पलीकडच्या अंगाला गेले, खाली वाकल्यासारखं केलं, दहा आकडे मोजले आणि उठून म्हटलं, "घेतलं."

जीप गेली. मी काठी तशीच घरी ठेवून शाळेत गेले. संध्याकाळी रिकामी, धुतलेली जीप अंगणात उभी होती. तिच्याखाली गोणपाट पसरून मी आरामात शिरले, काठी उभी धरली, आणि रिकाम्या गाडीचं जे अंतर आलं त्याच्या थोडं खाली, अंदाजानं, पेन्सिलीची खूण केली. थोडं खाली म्हणजे किती? मनाला येईल तेवढं. गाडी अशी कितीशी बसत असेल, असं मी स्वतःला म्हटलं. हे सगळं करताना मला काही विशेष वाटलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. खोटं बोलताना छाती धडधडते म्हणतात. माझी धडधडली नाही. मी आत जाऊन चहा प्याले.

शेडमध्ये मिस्त्रींनी काठीवरची खूण पोलादी पट्टीनं मोजली आणि भुवया वर केल्या. "इतकी जागा ऱ्हवता? अकरा बायका बसान?" मी हो म्हटलं. त्यांनी परत मोजलं. "चेडवा, नीट धरलंस मां काठी?" मला राग आला. खोटं पकडलं जाईल असं वाटलं की माणसाला आधी रागच येतो. मी कॅटलॉग उघडून त्यांच्यापुढे बोटानं ओळ धरली आणि एकामागून एक इंग्रजी शब्द वाचत गेले, वाचायची गरज नव्हती तेही. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं. मधल्या मापाचे घेऊ, असं ते हळूच म्हणाले. मी म्हटलं, सगळ्यात लांब घ्या, काठीप्रमाणे बसतात ना? घ्यायचे तर चांगले घ्या. मी सोळा वर्षांची, ते चाळिशी उलटलेले, हाताला चट्टे पडेस्तोवर लोखंडात राबलेले. त्यांनी माझं ऐकलं.

लांब शॉकअपसाठी वरची खुंटी उंच घ्यावी लागली, किती ते काठीच्या खुणेवरूनच ठरलं. मिस्त्रींनी चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, नव्या खुंट्या वेल्डिंगनं जोडल्या, प्रत्येक टाका थंड झाल्यावर हातोडीनं ठोकून आवाज ऐकला. आत्यानं नारळ फोडला, आईनं चाकांना हळदकुंकू लावलं. पहिल्या फेरीला म्हावरं थोडं होतं, बायका पाचच. ओहळातून जीप अशी गेली की देवीचं नाव घ्यायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. दिवसभर वाड्यात माझंच नाव. कोणी म्हणे जयूला इंजिनेर करा, कोणी म्हणे पोरीनं कमरा वाचवल्या. आत्यानं बाजारातून माझ्यासाठी वेगळी काढून आणलेली पापलेटं आईनं तळली आणि मी ती एकटीनं खाल्ली.

तिसऱ्या दिवशी होड्या भरून आल्या. मी घरीच होते, रविवार होता. ओहळाकडून आधी एक दणका ऐकू आला, नेहमीच्या खाडकन आवाजापेक्षा जड, आणि मागोमाग बायकांचा ओरडा. धावत गेले तर जीप एका अंगावर कललेली, पाट्या पाण्यात, बोंबील ओहळातून खाडीकडे वाहत चाललेले. बायका एकमेकींना उठवत होत्या. बहुतेकींना खरचटण्यावर निभावलं होतं. आत्या मात्र ओहळाच्या काठावर बसली होती आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. मनगट नको त्या दिशेला वळलं होतं. ती रडली नाही. मला म्हणाली, "म्हावरा गोला कर आधी." तो हात पुढे सांधला, पण वाकडाच. सुरी धरता येईना, आणि तिच्यासारखी घोळ मासा कापणारी आख्ख्या बाजारात नव्हती.

आत्याला घेऊन सगळे गेल्यावर मी वाळूत ती तुटलेली खुंटी शोधली. सापडली. मिस्त्रींचा टाका जसाच्या तसा होता, गोल, एकसारखा. त्याला चासीचं लोखंड जिभेएवढं चिकटून आलं होतं. फाटलं होतं ते लोखंड. टाका नव्हे. मला पाहताक्षणी कळलं काय झालं ते: भरली गाडी खाली बसली, लांब शॉकअप पुरा मिटला, जागा उरली नाही आणि सगळा मार खुंटीवर आला. मिस्त्रींनी सांगितलं होतं अगदी तसंच. मी ती खुंटी ओढणीत गुंडाळली, तिवरांच्या बाजूनं खाडीपर्यंत गेले आणि जोर लावून लांब पाण्यात फेकली. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी विचारणारही नव्हतं अजून. तरी फेकली.

दुपारी मिस्त्री आले. त्यांचा चेहरा मला आजही बघवत नाही. आत्या ओटीवर बसलेली, हात गळ्यातल्या झोळीत बांधलेला, भोवती वाड्यातल्या बायका. ती काही बोलायच्या आत मिस्त्री म्हणाले, "हिराबाय, तुटलेलो तुकडो माका दाखवा. माका बघूक व्हया." कोणाकडे तुकडा नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चेडवा, तुका गावलो?"

"नाही," मी म्हटलं.

"त्याला काय बघायचा?" आत्या कडाडली. "तुझा टाका कच्चा व्हता. अकरा बायकांचा जीव घेतला असतास. आजपासून वाऱ्यातला कोनी तुझ्याकरं जावाचा नाय. होरी बुरली तरी नाय." ड चा र करणाऱ्या तिच्या बोलीत 'वारा' म्हणजे वाडा. आणि वाडा तिच्या शब्दाबाहेर नव्हता. मिस्त्री उभे होते. मला वाटलं, आता सांगतील. काठी हिनं आणली, माप हिनं दिलं, सगळ्यात लांब घ्या म्हणून हिनं हट्ट धरला. त्यांनी खिशातली पट्टी काढली, तिच्यावरून अंगठा फिरवला, परत ठेवली, आणि वाळूतून निघून गेले. मी मनात म्हटलं, किती चांगला माणूस, मला वाचवलं. कित्येक वर्षं मी हेच समजत होते, आणि त्या समजुतीवर आरामात जगले.

वाड्याची इंजिनं दुसरीकडे जाऊ लागली. बाजारात बातमी पसरली, मिस्त्रीच्या टाक्यानं बायका पाडल्या. पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा समुद्रावर गेल्या तेव्हा शेडला कुलूप होतं आणि काही दिवसांनी तिथे कोंबडीवाला बसला. मला वाईट वाटलं का? वाटलं असेल. पण त्याहून जास्त मोकळं वाटलं. बाजारामागच्या रस्त्यानं जाताना आता मान खाली घालायची गरज उरली नव्हती.

मी शिकले, शिक्षिका झाले, लग्न होऊन मुलुंडला आले. सासर चांगलं, इमारतीतलं, मासळी रविवारी आणि तीही दारं लावून. शाळेतल्या बाकांच्या लोखंडी चौकटी मोडल्या होत्या, त्या जोडून आणायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्यावर टाकलं. नाहूरकडच्या रस्त्याला लहान लहान कारखाने होते. त्यातल्या एकात हातगाडीवरून बाक घेऊन गेले तर आत लेथवर गोविंदमिस्त्री उभे. केस पांढरे, खिशात पट्टी. त्यांनी मला ओळखायला क्षणही लावला नाही. "गो जयू! मास्तरीण झालंस?" म्हणाले आणि फडक्यानं स्टूल पुसलं.

मी बाक दाखवले. त्यांनी मालकाला हाक मारली. तो तरुण होता, म्हणाला, "बाई, वेल्डिंग आमचा दुसरा माणूस करतो, तो उद्या येईल. काका नाही करत ना वेल्डिंग. लाख सांगा, हात लावत नाहीत."

मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते लेथवरचा लोखंडी कीस झाडत होते. "हिराबायचो हात मोडलो मां," ते म्हणाले. "माझो टाको तुटलो. तेच्यानंतर मी वेल्डिंगाक हात लावूक नाय. कोणाचो जीव जाईत."

त्यांनी मला वाचवलं नव्हतं. त्यांना माहीतच नव्हतं. माझ्या काठीवर, माझ्या इंग्रजीवर त्यांचा इतका विश्वास होता की चूक शोधताना ते स्वतःच्या हातापाशी येऊन थांबले होते, आणि हात बांधून बसले होते. मी स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. गणवेश, काठी, खूण, खाडीत फेकलेली खुंटी. सांगताना मी रडत होते, आणि मला वाटतं त्या रडण्यात मला माफ करा असा एक लाडिक सूरही होता.

मिस्त्रींनी मला थोपटलं नाही. ते खडू घेऊन जमिनीवर बसले. "शॉकअप मिटल्यार किती होतो? आठवता?" मला आठवत होतं, ते आकडे मी कधी विसरलेच नव्हते. त्यांनी दोन खुंट्या काढल्या, मध्ये रेघ, अकरा बायकांचं वजन धरून गाडी किती बसली असेल ते पट्टीनं मांडलं. मग विचारलं, "आणि टाको? तू बघितलंस?"

"टाका शाबूत होता. चासीचं लोखंड फाटलं होतं."

"म्हणजे टाको तुटूक नाय."

"नाही."

"मालक!" त्यांनी एवढ्या मोठ्यानं हाक मारली की बाहेरचा हातगाडीवालाही डोकावला. "ह्यां ऐका. टाको तुटूक नाय!" मालकाला काही कळलं नाही, तरी तो हसला. मग मिस्त्री माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली आला. "थंय जाऊन सांग. वाड्यात. सगळ्यांसमोर सांग. आणि हिराबायक म्हण, एकदा माझ्याकडे येवक व्हया. दुसरां काय नको माका."

"पुढच्या रविवारी घेऊनच येते सगळ्यांना," मी म्हटलं. तेव्हा ते मनापासून म्हटलं होतं.

त्या शनिवारी माहेरी गेले. आत्या थकली होती, जीप केव्हाच भंगारात गेली होती, पण वाड्यातली भांडणं अजून तिच्याच ओटीवर मिटायची. मी दार लावून तिला सांगितलं. ती वाकडं मनगट मांडीवर घेऊन दुसऱ्या हातानं चोळत राहिली.

"वाऱ्यानं माझ्या शब्दावर त्याला सोरला," शेवटी म्हणाली. "आता या वयात ओटीवर उभी राहून सांगू, का माझा शब्द खोटा व्हता? आनि तू? सासरी काय सांगशील? मास्तरीन ना तू?" तिनं मनगट पदराखाली घेतलं. "झाला ता झाला. गप रव. कोनला सांगू नको."

मी भांडू शकले असते. ओटीवर जाऊन स्वतः ओरडून सांगू शकले असते, आवाज होता मला, रोज चाळीस मुलांपुढे तो लावत होते. पण आत्यानं गप रव म्हटलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मोठ्या माणसानं सांगितलं, आपण ऐकलं, असं स्वतःला सांगता आलं. आईनं जेवायला वाढलं आणि मी पोटभर जेवले. रविवारी नाहूरला गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाक शाळेच्या शिपायाकडून आणवले आणि पुढची दुरुस्ती ठाण्याला दिली.

आत्या वारली त्या वर्षी, तेरावं झाल्यावर, मी त्या कारखान्यात गेले. आता अडवणारं कोणी नाही, आता काय ते करू, असं ठरवून गेले. लेथवर दुसराच माणूस होता. मालकाच्या कानशिलावर केस पिकू लागले होते, त्यानं मला ओळखलं नाही. मी गोविंदमिस्त्री विचारलं.

"काका गेले गावी. तिकडेच वारले, दोन वर्षं झाली." तो हात पुसत पुढे आला. "शेवटी शेवटी पुन्हा वेल्डिंग करायला लागले होते, झकास करायचे. पण रविवारी नाही हां. रविवारी आम्ही अर्धा दिवस उघडतो, तर धुतलेला शर्ट घालून यायचे आणि दारात खुर्ची टाकून बसायचे. म्हणायचे, आमचे कोळीवाड्यातले लोक यायचेत, हात काळे नकोत. दर रविवारी, बाई. आम्ही चेष्टा करायचो." मग त्याला काहीतरी सुचल्यासारखं झालं. त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही त्यांच्यातल्याच का?"

"नाही," मी म्हटलं. "मी शाळेतून आलेय. बाकांचं काम होतं."